घरच्या स्टुडिओत बॅकड्रॉप कशावर टांगायचा: मोजमापापासून उभारणीपर्यंत

घरात फोटो काढायला सुरुवात केली तेव्हा मी आधी स्टँड घेतला आणि मग त्यावर बॅकड्रॉप, म्हणजे माणसामागचा पडदा, म्हणून लावायला कागद आणला. पावणेतीन मीटर रुंदीचा कागदी रोल त्या दांड्यावर चढवला आणि दांडा मधोमध चार बोटे खाली वाकला. कागदाला झोळ पडला, झोळामुळे तिरक्या लाटा उमटल्या आणि त्या प्रत्येक फोटोत माणसाच्या डोक्यामागे दिसू लागल्या. प्रकाश बदलून पाहिला, कागद ताणून पाहिला, लाटा जाईनात. चूक क्रमात होती. आधी चौकट, म्हणजे फोटोत येणारा भाग, मोजायची, त्यावरून पडदा ठरवायचा, पडद्याचे वजन काढायचे, मग खोली पाहायची. स्टँड की हुक, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि तोवर त्याचे उत्तर बहुतेक मिळालेले असते. खाली तोच क्रम ठेवला आहे.

१. आधी कॅमेऱ्यातून मोजा

या एका पायरीला अर्धा तास द्या. पुढची सगळी खरेदी हिच्यावर अवलंबून आहे.

ज्याचे फोटो काढणार त्या उंचीच्या माणसाला खोलीत उभे करा. त्याच्या पाठीमागे भिंतीपर्यंत किमान दीड मीटर जागा ठेवा. एवढे अंतर असले की त्याची सावली पडद्यावर न पडता जमिनीवर उतरते आणि रंगीत पडद्यावरून उसळणारा रंग गालांवर, केसांवर चढत नाही. आता नेहमी वापरणार ती लेन्स लावा, हवी ती चौकट धरा आणि कॅमेरा तिवईवर पक्का करा. दुसऱ्या कुणाला तरी हातात काठी देऊन भिंतीलगत बाहेरून आत सरकायला सांगा. काठी चौकटीत शिरली की तिथे भिंतीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. डावीकडे, उजवीकडे आणि वर, अशा तीन खुणा झाल्या की मीटर टेपने मोजा. दोन्ही बाजूंना आणखी १५ सेंटिमीटर धरा, कारण माणूस जागचा थोडा हलतोच.

आकड्यांत पाहायचे तर फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आत चित्र टिपणारी चकती, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. ५० मिमीच्या लेन्सने उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत उभा फोटो काढायचा, वर-खाली मोकळी जागा धरून २.१ मीटर उंची हवी, तर कॅमेरा माणसापासून जवळजवळ ३ मीटरवर लागतो. पडदा त्याच्या मागे दीड मीटरवर असेल तर तिथे चौकटीची रुंदी साधारण २.१५ मीटर होते. म्हणजे १.३५ मीटरचा अर्धा रोल इथे चालणार नाही, २.७२ मीटरचा पूर्ण रोलच लागेल. याउलट ८५ मिमीने छातीपर्यंतचा फोटो काढलात, चौकटीची उंची ८० सेंटिमीटर धरली, तर पडद्यावर मीटरभरसुद्धा रुंदी लागत नाही. तिथे अर्धा रोल छान पुरतो आणि त्याला हलका स्टँडही चालतो.

रुंदीचा विचार सगळे करतात, उंची मात्र विसरली जाते. वरच्याच पूर्णाकृती फोटोत कॅमेरा जमिनीपासून १ मीटरवर आणि सरळ धरलेला असेल, तर ५० मिमीच्या लेन्सला पडद्यावर २.६ मीटर उंचीपर्यंतचे दिसते. तेवढ्या उंचीवर दांडा लावायचा तर छत त्याहून वर हवे, आणि बऱ्याच खोल्यांत ते नसते. त्याच माणसाला ८५ मिमीने घेतले तर ही उंची २.३७ मीटरपर्यंत उतरते, पण त्यासाठी कॅमेरा ५ मीटर मागे न्यावा लागतो. खोली लांब असेल तर लांब लेन्स घ्या. नसेल तर माणूस पडद्याच्या थोडा जवळ आणा आणि सावलीसाठी दिवा बाजूला व वर सरकवा. दोन्ही जमत नसेल तर कंबरेपर्यंतचे फोटो हेच आपल्या खोलीचे काम आहे असे मानून त्या मापाचा पडदा घ्या. मी स्वतः दोन वर्षे एवढेच केले आणि ते फोटो मला आजही आवडतात.

कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, १.५ क्रॉपचा (फुल फ्रेमपेक्षा लांबी-रुंदीत दीडपट लहान) असेल तर त्यावरची ५० मिमी लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ मिमीसारखी वागते. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. पडद्याच्या कडा आणि स्टँडचे पाय तिच्यात हमखास येतात, म्हणून शक्य असेल तर मोबाइलची दुप्पट झूमची लेन्स वापरून मोजा.

२. पडद्याचे साहित्य आणि वजन ठरवा

घरगुती कामात तीन प्रकार जास्त दिसतात.

कागदी रोल, म्हणजे सीमलेस पेपर, सर्वांत सपाट दिसतो. भिंतीवरून जमिनीवर गोलाईने उतरला की कोपरा दिसतच नाही. २.७२ मीटर रुंद आणि ११ मीटर लांबीचा रोल पुठ्ठ्याच्या नळीसकट साधारण ६ किलोच्या आसपास भरतो. अर्धा रोल त्याच्या निम्मा.

मसलिनचा कापडी पडदा हलका असतो. ३ बाय ६ मीटरचा पडदा ३ किलोच्या जवळपास जातो. त्याला चुण्या फार पडतात. वाफेची इस्त्री हाताशी नसेल तर कापडाच्या वाटेला जाऊ नका.

व्हायनिल, म्हणजे जाड प्लास्टिकचा पडदा, पुसता येते, म्हणून लहान मुलांच्या आणि खाद्यपदार्थांच्या फोटोंसाठी सोयीचे. पण त्याच मापाच्या कागदापेक्षा ते दुप्पट किंवा त्याहूनही जड असते. पुठ्ठ्याच्या नळीवर ते वाकते, त्याला ॲल्युमिनियमची नळी लागते. हलक्या स्टँडवर व्हायनिल चढवायचा विचार सोडून द्या.

वेष्टनावर वजन लिहिलेले नसेल तर घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग रोल हातात घेऊन उभे राहा आणि फरक काढा. जो आकडा येईल त्याच्या दुप्पट वजन पेलणारा आधार शोधा. कागद खाली ओढताना, कापताना, कुणाचा पाय त्यावर पडला तर, दांड्यावर रोलच्या वजनापेक्षा बराच जास्त भार येतो.

३. खोलीला चार प्रश्न विचारा

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा: काम झाल्यावर हे सगळे आवरून ठेवायचे आहे का? खोलीत कुणी झोपत असेल, मुले अभ्यास करत असतील, तर दर वेळी उभारायला आणि मोडायला दहा मिनिटांहून जास्त लागणारी कोणतीही रचना महिन्याभरात धूळ खात पडते. हे मी स्वतःच्या आणि ओळखीच्या चार-पाच जणांच्या घरी पाहिले आहे.

दुसरा: भिंतीला भोके पाडायची परवानगी आहे का? भाड्याचे घर असेल तर घरमालकाला आधी विचारा.

तिसरा: भिंत आणि छत कशाचे आहे? बोटांनी ठोकून पाहा. विटांची किंवा काँक्रीटची भिंत ठसठशीत, बसका आवाज देते. जिप्सम किंवा प्लायची भिंत पोकळ वाजते. फॉल्स सीलिंग असेल तर त्याला भार टेकवता येत नाही.

चौथा: वर काय आहे? फिरता पंखा, लोंबता दिवा, उघडणारे दार, खिडकीचा पडदा. वर आणि दोन्ही बाजूंना नीट पाहा. पंख्याच्या पात्याच्या घेऱ्यात दांडा येत असेल तर ती जागाच बाद करा.

४. आधार निवडा

*दोन स्टँड आणि आडवा दांडा.* बहुतेकांची सुरुवात इथूनच होते आणि ज्यांना रोज आवरायचे आहे त्यांच्यासाठी हेच योग्य आहे. दोन तिपायी स्टँड, त्यांच्यावर तीन-चार तुकडे जोडून होणारा साधारण ३ मीटरचा दांडा, सगळे एका पिशवीत मावते. कमजोरी दांड्यात असते. वजन तेच ठेवून दांड्याची लांबी दुप्पट केली तर मधला झोळ आठपट होतो. म्हणूनच दीड मीटरवर ताठ दिसणारा दांडा ३ मीटरवर वाकतो. त्यात दर सांध्यापाशी थोडी ढिलाई असते, ती वेगळीच. उलट पाइपची जाडी तीच ठेवून व्यास दीडपट घेतला तर ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो. तेव्हा निवड करताना स्टँडच्या पायांइतकेच दांड्याच्या व्यासाकडे लक्ष द्या. फक्त तो दांडा रोलच्या नळीतून जायला हवा. कागदी रोलची नळी आतून बहुतेक ५ सेंटिमीटरच्या आसपास असते, तरी स्वतः मोजून घ्या.

संच चांगला असूनही दांडा वाकत असेल तर त्याच्या जागी एकसंध ॲल्युमिनियमचा पाइप वापरा. माझ्या पहिल्या स्टँडची अडचण याच उपायाने सुटली, स्टँड तेच राहिले. कापडी पडदा चिमट्यांनी टांगत असाल तर मधोमध मागून तिसरा स्टँड देऊन दांडा उचलता येतो. कागदाच्या बाबतीत हे जमत नाही, कारण दांडा रोलच्या पोटात असतो.

जागेचा हिशेबही करा. ३ मीटरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना स्टँडचे पाय पसरतात. प्रत्येक पाय मध्यापासून अर्धा मीटर बाहेर जात असेल तर सगळा पसारा ४ मीटरपर्यंत जातो. पाय फिरवून बाजूच्या भिंतीकडे दोन पायांमधली फट आणली तर दोन्हीकडे पाव-पाव मीटर वाचतो.

*छत ते जमीन दाबून बसणारे खांब.* यांना ऑटोपोल म्हणतात. आत स्प्रिंग किंवा स्क्रूची रचना असते. खांब लांबवून जमीन आणि छत यांच्यामध्ये घट्ट बसवायचा आणि खटका लावायचा. पाय पसरत नाहीत, भोके पडत नाहीत, आणि हुक लावले तर दोन-तीन रोल एकाखाली एक टांगता येतात. अरुंद खोलीत आणि भाड्याच्या घरात माझी पहिली पसंती यांनाच आहे. अट एकच: वरचे छत पक्के काँक्रीटचे किंवा भक्कम तुळईचे हवे. गिलावा सुटत असेल तर खांब हळूहळू सैल होतो, म्हणून वर-खाली रबरी टोपण हवे आणि प्रत्येक शूटआधी हाताने हलवून पाहायला हवे. खांब ओळंब्यात उभा नसेल तर दाब तिरका जातो आणि तो सरकू शकतो.

*भिंतीवरचे हुक आणि साखळी.* खोली कायम स्टुडिओसाठीच असेल तर यासारखे सुख नाही. जमीन पूर्ण मोकळी राहते. साखळी ओढली की कागद खाली, उलटी ओढली की वर. एका जोडीवर एक, तीन किंवा त्याहून जास्त रोल बसतात. पण तीन पूर्ण रोल म्हणजे वीस किलोच्या आसपास वजन, आणि ते भिंतीपासून थोडे पुढे लोंबणारे. त्यामुळे वरचे स्क्रू बाहेर उपटले जाण्याचा जोर कायम असतो. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत गिलाव्याच्या पलीकडे पोहोचणारी भोके पाडून गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) नाहीतर अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) वापरा. पोकळ भिंतीत नुसत्या बोर्डावर हे कधीही बसवू नका. आतल्या उभ्या पट्ट्या शोधून त्यांच्यावर आडवी लाकडी फळी पक्की करा आणि हुक त्या फळीवर लावा. बटणांच्या आणि सॉकेटच्या रेषेत, वर-खाली किंवा आडवे, भोक पाडू नका. भिंतीतल्या वायरी बहुतेक त्याच रेषेत गेलेल्या असतात.

भिंतीची रुंदीही मोजा. २.७२ मीटरचा रोल, हुक, साखळीची चकती आणि हात जायला जागा मिळून साधारण ३ मीटर मोकळी भिंत हवी. साखळी कोणत्या बाजूला येणार हे भोके पाडण्याआधी ठरवा. ज्या बाजूला कपाट किंवा मोठा दिवा राहणार ती बाजू सोडा.

*घडीचा पडदा.* पोलादी कडीत ताणलेले कापड, साधारण दीड बाय २ मीटरचे, फिरवून दुमडले की चकतीएवढे होते. एका स्टँडवर चिमट्याने अडकते, नाहीतर भिंतीला टेकवले तरी चालते. कंबरेपर्यंतचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, व्हिडिओ कॉल यांना पुरेसा. पूर्णाकृतीला नाही.

*टेबलावरचे काम.* दागिने, भांडी, पुस्तके अशा वस्तूंसाठी मोठ्या स्टँडची गरजच नाही. टेबल भिंतीला लावा, कार्डशीट भिंतीवर टेपने चिकटवून गोलाईने टेबलावर उतरवा, पुढची कड दोन क्लॅम्पनी धरा. झाले.

५. घेण्याआधी हातात घेऊन पाहा

ऑनलाइन घेतलेत तर परत करण्याच्या मुदतीत हेच सगळे घरी तपासा.

- दांडा पूर्ण लांबीला जोडून दोन टोकांवर ठेवा आणि मधोमध हाताने हलकेच दाबा. नुसत्या दाबाने वाकत असेल तर रोलखाली नक्की वाकेल.
- स्टँड पूर्ण उंचीवर नेऊन हलवा. सर्वांत वरचा, सर्वांत बारीक टप्पा न उघडता हवी ती उंची मिळत असेल तर उत्तम.
- आवळायच्या चाव्या पाहा. प्लास्टिकची पातळ चावी काही महिन्यांत फिरकी खाते.
- लिहिलेली भारमर्यादा वाचा. हलक्या संचांवर ती बऱ्याचदा ३ ते ५ किलो असते. पूर्ण रोल त्याच्या वर जातो.
- जाहिरातीत ‘३ मीटर’ लिहिलेले असते ते उंचीचे की रुंदीचे, हे विचारा. या एका शब्दाने अनेकांची फसगत होते.

६. सोबत लागणारे सामान

मीटर टेप, मास्किंग टेप, पाणसळ, दोन घडीच्या शिड्या, चार ते सहा मजबूत स्प्रिंग क्लॅम्प, प्रत्येक स्टँडसाठी ५ ते ७ किलोची वाळूची पिशवी, जमिनीवर कागद धरायला गॅफर टेप (सहज निघणारी कापडी टेप), कागद कापायला धारदार कटर आणि लांब सरळ पट्टी. भिंतीवर बसवणार असाल तर हॅमर ड्रिल, योग्य मापाचे बिट, गिट्ट्या आणि डोळ्यांना चष्मा. कापडासाठी वाफेची इस्त्री.

यातल्या वाळूच्या पिशव्या लोक पुढच्या महिन्यावर ढकलतात. ढकलू नका. स्टँड ज्या दिवशी घरी येईल त्याच दिवशी पिशव्या हव्यात.

७. उभारणी

दोन माणसे हवीत. एकट्याने पूर्ण रोल चढवायला गेलात तर एक स्टँड पडतो किंवा कागदाची कड चुरगळते.

स्टँडचे पाय उघडा. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या जमिनीला जवळजवळ समांतर आल्या की थांबा, मधला खांब जमिनीला टेकू देऊ नका. कागद पुढे ओढताना स्टँड पुढे झुकतो, म्हणून प्रत्येक स्टँडचा एक पाय पुढे, कागदाच्या पट्ट्याबाहेर येईल असा फिरवा. पायांवर वाळूच्या पिशव्या आत्ताच ठेवा.

स्टँड कंबरेच्या उंचीवर असतानाच दांडा रोलमधून ओवून दोन्ही टोके बसवा आणि पक्की करा. कागद मागच्या बाजूने खाली सुटतोय की पुढच्या, ते इथेच पाहा. कागद रोलच्या पुढून उतरला तर रोल चौकटीबाहेर ठेवणे सोपे जाते. दोन्ही बाजूंना रोलवर एकेक क्लॅम्प लावा, नाहीतर वर नेताना रोल सुटून सगळा कागद धडधडत खाली येतो. मग दोघांनी एकाच वेळी, एकेक टप्पा करून स्टँड वर न्या. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर असे केले तर दांड्याचे टोक निसटू शकते.

वर गेल्यावर दांड्यावर पाणसळ धरा. दांडा एका बाजूला झुकलेला असेल तर कागद उलगडताना तिरका सरकतो आणि एक कड सैल पडते. सरळ झाला की क्लॅम्प काढून कागद हळू ओढा, जमिनीवर आणताना मोठी, मऊ गोलाई ठेवा, पुढची कड टेपने चिकटवा आणि वर पुन्हा क्लॅम्प लावा.

लहान मुलांचे फोटो काढत असाल तर एक मोठे माणूस फक्त स्टँडकडे लक्ष देणारे ठेवा. मुलांना लोंबता कागद आणि साखळी ओढावीशी वाटते. भिंतीवरच्या रचनेत साखळी मुलांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर गुंडाळून ठेवा.

८. काम झाल्यावर

कागदी रोल आडवा टेकवून ठेवला की तो वाकतो आणि पुढच्या वेळी लाटा घेऊनच उलगडतो. तो उभा ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत, दमट भिंतीपासून लांब. भिंतीवरच्या हुकांवर असेल तर पूर्ण गुंडाळून, क्लॅम्प लावून ठेवा. मळलेला पुढचा भाग कापताना कटर सरळ पट्टीला धरून चालवा. वेडीवाकडी कड राहिली तर पुढच्या वेळी कागद गुंडाळताना ती दुमडते आणि घडीची रेघ पुढच्या दोन-तीन वेढ्यांवर उमटते.

पूर्ण रोल तुमच्या खोलीला रुंद पडत असेल तर बारीक दातांच्या करवतीने तो नळीसकट हव्या त्या मापाला कापता येतो. कापायच्या जागी भोवती टेपचा वेढा घ्या आणि रोल फिरवत फिरवत कापा, म्हणजे कडा फाटत नाहीत. उरलेला तुकडा टेबलावरच्या वस्तूंना उपयोगी पडतो.

दर महिन्याला स्टँडच्या चाव्या, दांड्याचे सांधे, ऑटोपोलचे खटके आणि भिंतीवरचे स्क्रू एकदा आवळून पाहा. गिलाव्यात हुकाभोवती बारीक तडा दिसला तर त्याच दिवशी रोल उतरवा.